मथळ्याचा कोड

बेलापूर, मंगळवार, २१ फेब्रुवारी १९९५

आज जे केलं त्याचा पश्चात्ताप? छे, अजिबात नाही.

संगणकावर मासिकाची पानं लावायचे कोड मी बसवले. ओळीआधी @मथळा असं टाइप केलं की ती ओळ आपोआप मोठी, ठळक होते. आणि प्रेसच्या मालकांचा भाचा सुनील काल संपादकांना खुशाल म्हणाला, "ही पद्धत माझी." माझ्यासमोर!

म्हणून आज सकाळी प्रेसमध्ये गेल्या गेल्या मथळ्याच्या कोडची व्याख्याच, म्हणजे अक्षर केवढं हवं ते, बदलली. दुपारी संपादक आले. सुनीलनं ऐटीत पानं उघडली, तर सगळे मथळे मुंगीएवढे! त्यानं एकेक मेनू उघडला, मिटला. व्याख्या कुठे असते हेच त्याला ठाऊक नाही. आणि म्हणे पद्धत माझी!

मालक म्हणाले, "मंगल, बघ की गं, काय झालंय."

"ज्याची पद्धत, त्यालाच विचारा की," मी म्हटलं.

सगळ्यांनी सुनीलकडे पाहिलं. शेवटी सुनील पुटपुटला, "कोड हिनंच बसवलेत."

मला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय म्हणालास? जरा मोठ्यानं सांग, संपादकांना ऐकू जाऊ दे."

त्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हाच मी माउसला हात लावला.