सुटल्याची वेळ

३ मे १७७९

‘फाल्कन’ पुन्हा आमच्या बंदरात! राजाची सनद घेतलेला तोच इंग्रज लुटारू. याच्याच तोफांनी फेब्रुवारीत ‘सेलेस्त’ हे फ्रेंच गलबत बुडवलं. आमचा मुलगा नेरी त्यावर खलाशी होता. आता शिडं शिवायला आलाय. आमचं तोस्काना संस्थान तटस्थ ना! लढाई इंग्रज-फ्रेंचांची, पाहुणचार आमचा. कप्तान धक्क्यावर संत्रं सोलत उभा होता. मला बघून टोपी काढली. मी वळलो.

५ मे

फ्रेंच कॉन्सल बंदरप्रमुखांवर ओरडत होता, “दरोडेखोराला घरात घेता?” इंग्रज कॉन्सल म्हणाला, “तुमचे दरोडेखोर गेल्या महिन्यात इथेच जेवून गेले की!”

बायको, ओर्सोला, अजून तीन ताटं मांडते. तिसरं मी उचलून ठेवतो.

६ मे

फ्रेंच गलबत ‘कोन्स्तांस’ सुटलं. एकोणीस माणसं. सुकाणूवाला ओरडला, “काका, वेळ नीट लिहा हो! आमचा जीव तुमच्या टाकात आहे!” खरंच आहे — ते सुटल्यावर शत्रूच्या जहाजाने चोवीस तास हलायचं नाही, असा ग्रँड ड्यूकचा हुकूम. बंदराच्या वहीत लिहिलं : दुपारी बारा.

संध्याकाळी बंदरप्रमुखांनी बोलावलं. “सकाळचे सहा कर. इंग्रज घाईत आहे, कटकट मिटेल. सहा तासांनी काय होतंय?”

“नाही.”

“अरे, तू कधी नाही म्हणत नाहीस!”

“आज म्हणतोय.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

वही छातीशी धरून घरी आणली. बंदरातल्या बावीस वर्षांच्या कारकुनीत पहिल्यांदा!

७ मे

सकाळी सहाला ‘फाल्कन’ नांगर उचलू लागला. मी तडक बुरुजावर, वही उघडून. “हे बघा, बारा! त्याआधी गेला, तर तुमची तोफ गप्प होती हेही इथे लिहीन.” तोफांचा नायक हसला, “म्हातारबांच्या अंगात आलंय आज!” पण तोफ वळवली. नांगर परत पाण्यात पडला. बारापर्यंत उन्हात उभा होतो. हटलो नाही!

८ मे

कामावरून काढलं. उद्या वही परत मागितलीय. ओर्सोला म्हणाली, “नेरीला अभिमान वाटला असता.”

९ मे

फेब्रुवारीचं पान उघडलं. ‘सेलेस्त’, सुटलं : सकाळी सहा. अक्षर माझं. सुटलं होतं बाराला. तेव्हाही ‘फाल्कन’ मागे निघायला टपलेला; “सहा तासांनी काय होतंय” — तेव्हाही बंदरप्रमुख हेच म्हणाले होते. वारा चांगला होता, गलबत निसटेल वाटलं. मी मान डोलावली होती.

खोडलं. बारा लिहिलं. खाली सही केली.

आता ओर्सोलाला वाचून दाखवायचं. मग वही द्यायची.