हिरवा दिवा पुरत नव्हता

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी करी रोडचा नाका ओलांडताना माझं मनगट तुमच्या मुठीत आहे असं वाटतं. शाळा सुटली की तुम्ही आम्हा मुलांची रांग घेऊन रस्त्यात उतरायचात, हात वर करून ट्रक थांबवायचात. एकदा मी हात सोडवून पळाले. ट्रक अगदी कानाशी करकचून ब्रेक लावत थांबला. तुम्ही मारलं नाहीत. "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं गं?" एवढंच म्हणालात, आणि तुम्हीच रडू लागलात.

आता गिरणीच्या जागी टॉवर आहेत, गाड्यांना तर सुमारच नाही. उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरच्या आजींना त्याच नाक्यावर मोटारसायकलने उडवलं; वाचल्या, पण हाती काठी आली. माझी मुलगी अकरावीत आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी आठवडाभर मोबाइल घेऊन तिथे उभ्या. म्हातारी माणसं अर्ध्यावर येतात न येतात तोच चालणाऱ्यांचा दिवा लाल होतो, हे त्यांनी टिपून घेतलं. मी वैतागले. "तुम्ही कशाला मध्ये पडताय? अभ्यास करा."

"मग कोणी करायचं, आई?"

अर्ज घेऊन त्या वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेल्या. साहेब म्हणाले, "ठेवून जा, बघतो." मुलगी जागची हलली नाही. "साहेब, आजी बाहेर उभ्या आहेत. एकदा त्यांच्यासोबत रस्ता क्रॉस करून बघा ना." साहेबांना काय वाटलं कोण जाणे, टोपी घालून उठलेच. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने साहेबांचा दंड धरून आजी निघाल्या. "माका पळाक जमाचा नाय हां!" मध्यावर आले आणि दिवा लाल. चहूकडून हॉर्न. वर्दीतला माणूसही तिथे क्षणभर भांबावला. पलीकडे पोचल्यावर घाम पुसत ते मुलींना म्हणाले, "आणा तो अर्ज."

दिवाळीच्या आत दिव्याची वेळ वाढली, पांढरे पट्टे नव्याने रंगले. काल आजी एकट्या जाऊन बांगडे घेऊन आल्या आणि जिन्यातूनच हाका मारत सुटल्या. ऐकून बरं वाटलं, बाई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? राहील कपाटात. फक्त एक सांगते. मुली चौकीत गेल्या त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ऑफिसला कळवलं आणि समोरच्या दुकानाआड उभी राहून मी सगळं पाहिलं. लेकीला अजून ठाऊक नाही.