चोवीसचे आठ

३ नोव्हेंबर १९५७, सकाळी ६
ठरलं. 'डिटरमिनंटचा इतिहास', म्हणजे आकड्यांच्या चौकोनातून एकच उत्तर काढण्याच्या गणिताचा, हे पुस्तक लिहायचं. मराठीत पहिलंच असेल. इंटरला आम्ही हे निजामाच्या काळात उर्दूतून शिकलो, त्यामुळे निम्मं तेव्हा समजलं नाही आणि निम्मं आता आठवत नाही. पण तीर्थपुरीच्या आमच्या शाळेत हे विचारणारं कोणी नाही, ही मोठी सोय आहे. एकूण सात प्रकरणं. पहिलं जपानच्या सेकीचं, सातवं माझं.

१० नोव्हेंबर
सेकीला जपानात सुचलं, त्याच सुमारास जर्मनीत लायब्निट्सला. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पुढे युरोपातलेच क्रामर, कोशी. मराठवाड्यातला एकही माणूस नाही! हा अन्याय मलाच दूर करावा लागणार.

२४ नोव्हेंबर, दुपारी
शोध लागला. तीन ओळी, तीन रकाने असा आकड्यांचा चौकोन असला की तिरके गुणाकार करतात. उजवीकडे उतरणारे मिळवायचे, डावीकडे उतरणारे वजा करायचे. सहा गुणाकारांत काम फत्ते. चार ओळी झाल्या की मात्र पुस्तकं चोवीस गुणाकार मागतात. मी चारालाही तिरकेच केले. आठांत उत्तर! उरलेले सोळा युरोपनं दोनशे वर्षं उगाच वाहिले. नाव माझंच ठेवलं, 'बद्रीनाथ पद्धत'.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, चोवीसचे आठ करून राह्यले ते ठीक, पन उत्तर तेच येतंय का? ताडून पाहिलेलं नाही. स्वतःवर असा अविश्वास दाखवणं मला पटत नाही.

८ डिसेंबर
जालन्याला जाऊन छापखान्याच्या नथमलजींना सहा प्रकरणं दिली, सातवं मागाहून. त्यांनी विचारलं, कोन्या जाणत्यानं पाह्यलं का? म्हटलं, जाणता मीच. ते म्हणाले, मंग बराबर.

२९ डिसेंबर
काकासाहेबांचं पत्र. इंटरला मला गणित त्यांनीच शिकवलं, आता निवृत्त होऊन जालन्यात असतात. सगळं हस्तलिखित त्यांना पाठवलं होतं. लिहितात, सहा प्रकरणं उत्तम, सातवं काढून टाका. मत्सर! वयोमानानं होतो. काढणार नाही. शिक्षक संमेलनात सर्वांसमोर मांडणार. अध्यक्ष तेच आहेत, बरंच झालं.

१२ जानेवारी १९५८
संमेलन. चाळीस मास्तर. काकासाहेबांनी फळ्यावर चार ओळी मांडल्या, त्यातल्या दोन अगदी सारख्या. दोन ओळी सारख्या असल्या की उत्तर शून्य यावं लागतं, हा जुना नियम. माझ्याच चौथ्या प्रकरणात आहे. माझ्या पद्धतीनं सात आले. पुन्हा केलं. सातच. मी ठणकावून सांगितलं, की जुन्या लोकांना जिथे काहीच मिळालं नाही तिथे माझ्या पद्धतीला सात सापडले आहेत. कोणी हसलं नाही. चहा मात्र वेळेआधी आला.
परतताना मोटारीत आमच्या शाळेचे कडूबा मास्तर म्हणाले, जाऊ द्या सर, आमाला तर सातबी आले नसते. फार वाईट वाटलं.

१३ जानेवारी
अजिबात वाईट वाटलेलं नाही. खडू ओला होता. तो शून्याचा नियमच एकदा तपासायला हवा. सातवं प्रकरण वाढवणार.

१९ जानेवारी, रविवार, दुपारी
दार लावून काकासाहेबांच्या त्याच चार ओळींचे चोवीसच्या चोवीस गुणाकार केले. शून्य. काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा केले. शून्य. सौ. बाहेरून म्हणाली, आधी जेवून घ्या, मंग काय करायचं ते करा. जेवलो.

२६ जानेवारी
काकासाहेबांनी एक इंग्रजी पुस्तक पाठवलं, पानात चिठ्ठी घालून. त्या पानावर लिहिलंय, सेकीचंही चुकलं होतं! अधिक-उणे चिन्हांचा घोळ झाला, तो मागाहून आलेल्यांनी निस्तरला. ऊर भरून आला. लगेच नथमलजींना कार्ड लिहायला घेतलं, की सातवं प्रकरण पाठवतो, एक अक्षर न बदलता छापा, थोर माणसं चुकतातच.
मग पान नीट वाचलं. सेकी पाच ओळींना चुकला होता. चार ओळींचं त्याचं बरोबर आलं होतं.
नथमलजींना दुसरं कार्ड टाकलं. पुस्तक सहा प्रकरणांचंच आहे.