नासलेली हाक

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार लिहायला अप्पांनी शिकवले आहे, पण तू हसशील म्हणून नुसता नमस्कार.

तू बरी असशील. इकडे सर्व ठीक. आईने लिंबाचे लोणचे घातले. चकलीचे वजन वाढले आहे, डॉक्टर म्हणाले, स्वल्प कमी घाला.

पाकिटात दोन पत्रे आहेत. निळ्या शाईतले आधी वाचले असशील तर घाबरू नकोस, आई अंथरुणाला खिळलेली नाही. आत्ता ती खाली दोरीवर चादरी वाळत घालते आहे. मी गच्चीवरून तिला पाहते आहे. तुला घरी बोलावणाऱ्या त्या पत्रात अक्षर तेवढे माझे. मी 'आजारी आहे' लिहिले होते, अप्पांनी लाल पेन्सिलीने ते वाढवले. मग मी ते पुन्हा स्वच्छ उतरवले. पाकीट चिकटवायचे काम माझ्याकडे असल्यामुळे हे दुसरे आत घालता येते आहे. तुझ्या मारतहळ्ळीच्या हॉस्टेलचा पत्ता त्यांना सांगितलेला नाही. एका मैत्रिणीमार्फत पोचवते, असे खोटे सांगितले आहे.

आधी चकलीचे सांगते.

तू यशवंतपूरच्या बाजारातून बटाट्याच्या पिशवीत घालून आणलेले ते वळलेल्या शेपटीचे कुत्र्याचे पिल्लू हाक मारली तरी येईनासे झाले होते. कान हलवायची, बघायची आणि हातभर लांब बसायची. दोनदा मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. अप्पा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ऐकायला लागली नाही तर कनकपुऱ्याच्या शेतावर पाठवू." म्हणून मी समोरच्या पार्कात ईराला विचारले. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली आहे. तिचा कुत्रा एका हाकेत येतो.

"किती वेळा हाक मारतेस?" तिने विचारले.

"येईपर्यंत."

"म्हणजे तिला वाटतं, पाचवी तेवढी खरी. आली की काय करतेस?"

"पट्टा धरते."

"मग?"

"घरी नेते."

"आणि घरी?"

ती म्हणाली, "तुझा 'ये' नासलाय. दुधासारखा. आता उकळून काही होणार नाही, टाकून दे. नवा शब्द घे, ज्यानं तिचं कधीच वाईट झालेलं नाही."

मला एकदम सुचला तो शब्द 'पापड'. आता मी रोज सकाळी पार्कात वीस फुटांची दोरी धरून पापड म्हणून ओरडते. एका ऑटोवाल्याने विचारले, "पापड एल्ली, मेडम?" कुठे आहेत म्हणे. मी म्हटले, संपले.

रीत अशी आहे. एकदाच म्हणायचे. ती येऊ लागली की तिच्याकडे झुकायचे नाही, हात पुढे करायचे नाहीत. पनीरचा तुकडा आपल्या गुडघ्याशी धरायचा, म्हणजे तिची छाती आपल्या नडग्यांना टेकेल इतक्या जवळ, अगदी समोर ती बसते. खाऊन झाल्यावरच गळपट्ट्याला हात लावायचा. आणि पुन्हा सोडायचे. ईरा म्हणते, दहातल्या नऊ वेळा सोडायचे. शिवाय जे तिला नको असेल त्यासाठी हाक मारायचीच नाही. "आंघोळ घालायची असेल तर आपण उठून तिच्यापाशी जायचं. बोलावून फसवायचं नाही."

हे ऐकले तेव्हा पनीर माझ्या हातात तसेच राहिले.

आपली पहिल्या पाच वर्षांची शाळा म्हणजे अप्पांची खुर्ची. हाक एकच, 'ये'. पाटी घेऊन इतके जवळ उभे राहायचे की कान धरायला त्यांना वाकावे लागू नये. तू अर्धा हात मागे उभी राहायचीस. मी गुडघे खुर्चीला टेकवायचे. म्हणून मी शहाणी.

आता ते लिहिते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला, आई न्हाणीघरात पडली, ये. तू ऑफिसमधून तशीच निघालीस, ओळखपत्र गळ्यातच होते. हॉलमध्ये तुला बघायला आलेली हुबळीची माणसे बसली होती. जाळीच्या दाराला कुलूप लागले. अकरा दिवस तू आत होतीस आणि तुझा फोन अप्पांच्या कपाटात. बाराव्या दिवशी चकलीला फिरवायला मी दार उघडले आणि तू गेलीस. नंतर मी तुला चिठ्ठी पाठवली की मला काही माहीत नव्हते.

मला माहीत होते. फोन करताना आई माझ्यासमोर नारळ खवत होती.

कुलूप मी लावले नाही, असेही मी लिहिले होते. ते खरे आहे. किल्ली मी आणून दिली.

तू गेलीस त्या संध्याकाळी चकलीकडे बोट करून अप्पा म्हणाले, "हिच्यामुळे दार उघडलं. बोलव तिला." मी 'ये' म्हटले. चकली धावत आली, माझ्या हाकेला. चार दिवस ती मागच्या अंगणात साखळीला होती. नासवणारी मीच आहे, अक्का. दोन्ही वेळा.

दसऱ्याला हुबळीची माणसे पुन्हा येणार आहेत. तू आलीस तर तुझ्यासाठी. नाही आलीस तर, अप्पा म्हणतात, "धाकटी आहेच." तारीख ते त्याच दिवशी ठरवून जाणार. आई ब्लाऊज शिवते आहे. मी माप द्यायला गेले तर मान वर न करता म्हणाली, "शिवण आत सोडून ठेवते गं, दोघींपैकी कुणालाही होईल."

हे वाचून निघू नकोस. म्हणून तर हे दुसरे पत्र. तू येऊ नकोस. यापुढे या घरातून माझ्या अक्षरात 'ये' आले तर ते खोटे समज. आई खरोखरच आजारी पडली तर कसेही करून मी तुझ्या दारापर्यंत येईन आणि तोंडाने सांगेन.

कसे येईन ते मला माहीत नाही. किल्ली आता मला फक्त साडेसहा ते सव्वासात मिळते, चकलीपुरती, आणि अप्पा घड्याळ घेऊन गॅलरीत उभे असतात. दोरीचे टोक माझ्या हातात असते, पण पार्कात आम्ही दोघीही तेवढ्याच लांब जातो.

काल पहिल्यांदा दोरी सोडून हाक मारली. ती पार पलीकडच्या भिंतीपासून आली आणि नडग्यांना छाती टेकवून बसली. सवयीने माझा हात पट्ट्याकडे गेला. ती लगेच मागे सरली. मी हात गुडघ्यांशी नेले आणि तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती परत टेकली.

यानंतरच्या दोन ओळी मी खोडल्या आहेत, त्या उजेडात धरून वाचू नकोस. त्यात पार्काच्या मागच्या दाराशी भेटायची वेळ होती. ती हाकच झाली असती आणि तुला हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

पण तू कधी मला हाक मारलीस तर एकदाच मार. पुरेल. हेही खोडायला हवे. नाही खोडत.

हात गुडघ्यांशी ठेवून उभी असलेली,
तुझी रक्षी