सेफ्टीची स्प्रिंग

बेसिंगस्टोक, इंग्लंड, १४ मार्च २०२५

प्रिय क्षितिज,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, माफ कर. इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्या बंदुकीचा सेफ्टी-कॅच, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असतो तो खटका, सैल झालाय. काळजी नको, ती कपाटात कुलूपबंद आहे. पोलिसांनी घर तपासून मला परवाना दिला, पण बंदूक बनवणारी कंपनी त्या खटक्यातली नखाएवढी स्प्रिंग मालकाला विकत नाही. फक्त दुरुस्तीच्या दुकानांना देते. फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, ‘सर, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.’

मला बाबाच आठवले. त्यांनी आजोबांची बंदूक साफ करायला उघडली की स्क्रूड्रायव्हर तुझ्या हातात, आणि मला, थोरल्याला, ‘तू लांब हो, काहीतरी हरवशील.’ वर तू हसायचास, ‘दादा, तू निबंध लिही!’ पंचेचाळिशीतही मला तुझा हेवा वाटतो. कंपनीचं बरोबर असेल, बाबांचंही असेल. पण मी खरंच काही हरवलं असतं का, हे कधी कळलंच नाही.

एवढं बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
अनुपदादा

उद्याचं काम: बंदूक दुरुस्तीला न्यायची, आणि स्प्रिंग बसवताना शेजारी उभं राहून बघू द्याल का, असं तिथल्या कारागिराला विचारायचं.