विहिरीकडच्या शेतातला सरवा

१४ मार्च ८७
विहिरीकडचा गहू निघाला. उतारा बरा. पण यंदा सरवा कुणालाच द्यायचा नाही, असा पीक संरक्षण सोसायटीचा ठराव. कापणीनंतर शेतात पडलेल्या ओंब्याही पाड्यावरच्या बायांना वेचू द्यायच्या नाहीत. महिन्यापूर्वी नानांच्या केळीतले घड कापले गेले. रखवालदारांनी पाड्यावरच्या दोघांना फोडून काढलं. पाड्यानं रखवालदाराची झोपडी पेटवली. तेव्हापासून फाट्यावर पोलीसगाडी, आणि आता राग ओंब्यांवर. नाना चेअरमन. ठरावाला अनुमोदन आमच्या ह्यांचं.
मी म्हटलं, घड कापले कुणी आणि उपाशी कोण राहणार?
"बठ्ठासले एकच नियम शे," हे म्हणाले. सगळ्यांना एकच, विषय संपला.

१६ मार्च
झिनी आली होती. आमच्या सालदाराची, डोंगऱ्याची बायको. आत येईना, 'अक्का' म्हणत दारातच उभी. सासूबाई दरवर्षी पहिला सरवा तिलाच द्यायच्या, त्या गेल्यावर मी. नाही म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, जा, सकाळी लवकर वेचून ने. ठरावाला अनुमोदन देणाऱ्याच्याच शेतात कोण बघायला जातंय. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

१७ मार्च
पकडली.
अर्धी पाटी ओंब्या. सोसायटीच्या ओट्यावर आणून बसवली, पाटीसकट. सगळा गाव बघायला. ती म्हणाली, "अक्कानी सांगं व्हतं." नानांनी ह्यांना विचारलं, तुमच्या घरून परवानगी होती का? हे म्हणाले, "नही. खोटी बोलस ती." मग पोलीसगाडीत घातली.
हे सगळं शेजारच्या सुमनकडून कळलं. मी घरातच होते. हाकेच्या अंतरावर.
हे जेवायला बसल्यावर सांगितलं, मीच पाठवलं होतं तिला. ह्यांचा घास हातातच राहिला. ह्यांना खरंच ठाऊक नव्हतं. वाटलं, आता उठतील, नानांकडे जातील. पाणी प्यायले आणि म्हणाले, "आते कोणले सांगू नको."
मी भाकरी वाढली. लाज वाटते. ह्यांची जास्त की माझी, ते

१९ मार्च
झिनी जामिनावर सुटली. पाड्याच्या संघटनेतल्या पोरांनी सोडवली. ओठ फुटलाय म्हणतात. ओट्यावर की गाडीत, कुणी सांगत नाही.
डोंगऱ्या मात्र कामावर आला. वर्षाचा शब्द दिलेला, तो मोडणार नाही. दुपारी भाकरी नेली तर घेतली नाही. पाणीही स्वतःचं आणलेलं, वाळवलेल्या भोपळ्यात. विचारलं, झिनी कशी आहे?
"बरी शे."
माझ्याकडे बघितलं नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल
हापशावर बायका बोलत होत्या. चोरी ती चोरी, वर अक्काचं नाव घेते, जिभेला हाड नाही ह्या लोकांच्या. सगळ्या माझ्याकडे पाहून हळहळल्या. मी कळशी भरली, डोक्यावर घेतली, आले.

आखाजी
सालदाराचं वर्ष आज, अक्षय्य तृतीयेला संपतं. नवं साल ठरवायला सकाळीच यायचा डोंगऱ्या. नारळ, नवं धोतर काढून ठेवलं होतं. पुरण शिजवलं. आला नाही. कुणाच्याच घरी कुणी आलं नाही. अख्खा पाडा बसून आहे. वैशाखाचं ऊन, केळीला पाणी भरायला माणूस नाही. नाना म्हणतात, बाहेरून आणू. राखायला रखवालदार आहेत, राखण्याजोगी केळी राहते का ते बघायचं.
संध्याकाळी हे स्वतः फावडं घेऊन गेले. दयाही आली, रागही आला.

आखाजीचा दुसरा दिवस
पाड्यावर जाऊन आले. एकटी. फाट्यावरच्या पोलिसानं हटकलं, शेतात चाललेय म्हटलं.
झिनी भिंत सारवत होती. हात धुतले, गोणपाट टाकलं बसायला. ओठावर व्रण. तिची सासू कोपऱ्यात, पाठ करून. मग झिनीनंच विचारलं, हळू आवाजात.
"अक्का, तू सांगं व्हतं ना? बठ्ठा म्हणतस मी खोटी शे. आते मलेच समजत नही."
मला वाटलं होतं शिव्या देईल. हे वाटलं नव्हतं.
म्हटलं, सांगितलं होतं, झिनी. मीच सांगितलं होतं. अन् रडूच आलं. ती नाही रडली.
सासूनं मान वळवली. "आठे काय सांगस? तठे सांग."
तिथे म्हणजे कोर्टात. सोमवारी चोपड्याला झिनीची तारीख आहे.
घरी आले तर हे गोठ्यात. "कोठे गयी व्हती?"
पाड्यावर, म्हटलं.
बैलापुढची बादली तशीच हातात धरून उभे राहिले. सोमवारी मी कोर्टात जाणार, ते ह्यांना अजून सांगायचं आहे.