भारनियमनाच्या वेळापत्रकातला बादशहा

गोरेगाव, ता. सेनगाव
मार्च २००९, शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर

सौ. मिरावहिनींस,

तुमचा धाकटा दीर भीमसिंग याचा वाकून नमस्कार. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त म्हशीने पाय मुरगळून घेतला आहे. तुमच्या गुडघ्याला त्या तेलाने उतार पडला की नुसता वासच घरभर राहिला, ते कळवा. तुम्ही म्हणाल, हे मास्तर फोन सोडून पत्र काहून लिहून राहिले? तर तुमचा मोबाइल असतो दादाच्या खिशात, आणि दादाचं नि माझं बोलणं तुमच्या प्रेमदासच्या लग्नापासून बंद. सख्ख्या काकाचं नाव पत्रिकेत सगळ्यात खाली, दुकानातल्या भागीदाराच्याही खाली! मी रागाने लग्नाला आलो नाही, आणि दादाने निरोप धाडला की आता तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई. चूक कोणाची ते मी आज काढत नाही. (त्याचीच होती.)

पण आजचा विषय वेगळा आहे. आमचा कुलदीप औरंगाबादला शिकायला जाताना घरचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात टाकून गेला. त्यावर इंटरनेट आहे, आणि इंटरनेटवर पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. आपल्या तीन पत्तीचाच शिकलासवरलेला भाऊ समजा. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांच्या मध्ये उघडे, आणि टेबलाभोवती जगातली कुठकुठली माणसं. (घाबरू नका, पैशाचा संबंध नाही. पैशाच्या जागी लावायला चिप्स नावाच्या फुकटच्या चकत्या मिळतात. तुमच्या जावेने, नीलाबाईने, हे माझ्याकडून शपथेवर वदवून घेतलं आहे.) मी दिवाळीत तांड्यावर बसतो तसाच तिथे बसलो, म्हणजे पत्ते नुसते शिष्टाचार म्हणून बघायचे आणि चाल करायची. बघता बघता सगळ्या चिप्स साफ झाल्या.

मग कुलदीपने फोनवरून सांगून माझ्याकडून एक प्रोग्राम बसवून घेतला. तो आपला प्रत्येक डाव टिपतो आणि आपलीच टक्केवारी आपल्यापुढे धरतो. माझी अशी निघाली की शंभरातल्या सत्तर डावांत मी उडी घेतो. बरे खेळणारे वीस-पंचवीस डावांतच उतरतात म्हणे. उभा जन्म पोरांना टक्केवारी शिकवली, आणि तिनेच मला असं तोंडावर पाडावं! मी सुधारायचं ठरवलं. इतका सुधारलो, की मी एक चिप पुढे सरकवली की सगळं टेबल पत्ते टाकून मोकळं. मास्तरने तोंड उघडलं म्हणजे याच्याकडे एक्केच असणार, हे जगाला पाठ झालं. तेव्हा प्रोग्रामचे आकडे पुन्हा बघितले आणि अधूनमधून साध्या पत्त्यांवरही चाल वाढवायला लागलो. (थोडक्यात, खोटं बोलायला. पण प्रमाणात.) त्यानंतर मात्र जिंकू लागलो.

एक आकडा तेवढा सुधरेना. चांगले पत्ते हातात असताना टाकून देण्याचा. त्याचं कारण आपलं भारनियमन. हातात दोन एक्के यावेत, मी कपाळाचा घाम पुसून सगळ्या चिप्स पुढे ढकलणार, की लाइट गेली! यंत्राला काय ठाऊक आमच्या लाइटीचं? ते आपलं नोंद करतं, मास्तरने पत्ते टाकले. नीलाबाई म्हणाली, "मशीन बराबर बोलून राहिलं. तुमी असेच हाव."

आता खरी गंमत ऐका. हा प्रोग्राम समोरच्याचेही आकडे ठेवतो. आमच्या टेबलावर बादशहा नावाचा एक गडी असतो. कमी डावांत उतरतो, पण उतरला की सोडत नाही. मी त्याला रशियातला वगैरे समजत होतो. पण आकड्यांत दिसलं की हाही जिंकत आलेला डाव मध्येच टाकून गायब होतो, आणि तेही ठरलेल्या वेळेला. एके दिवशी शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडला, तर त्यावर भारनियमनाचं वेळापत्रक! बादशहाच्या गायब व्हायच्या वेळा आणि तुमच्या वारंगा फाट्याची लाइट जायच्या वेळा तंतोतंत एक. वहिनी, फाट्यावर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, दुकानात कॉम्प्युटर आणि पत्त्यांचा नाद, असा माणूस कोण?

तरी मला शंका होती. पण दुसरा एक आकडा होता. माझ्या चिप्स संपत आल्या की बादशहा माझ्यापुढे पत्ते टाकतो. दरवेळी. लहानपणी तांड्यावर आम्ही चिंचोके लावून खेळायचो. दादा माझे सगळे जिंकायचा, पण शेवटची मूठ कधी घ्यायचा नाही. म्हणायचा, "राहू दे. उद्या कशानं खेळशील?" हे आठवलं आणि वहिनी, खरं सांगतो, मी कॉम्प्युटरपुढे बसून रडलो. नीलाबाईला वाटलं, हरलो.

मी कोण, हे अर्थात त्याला ठाऊक नाही. माझं तिथलं नाव भीममास्तर आहे, त्यावरून कोण ओळखणार?

आमच्या पुजाचं लग्न अक्षय तृतीयेला ठरलं, हे कानावर आलंच असेल. पोरगी हट्टाला पेटली आहे. म्हणते, "मोठे बाबा न्हाई आले तर मी उभीच ऱ्हात न्हाई लग्नाला." मी रागावलो, मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पायाला हळद लावत बसलो. असो. मी काही मागायला हे लिहिलेलं नाही, सहज ख्यालीखुशाली.

तुमचा,
भीमसिंग

ता. क. पत्रिका छापायला द्यायची आहे. निमंत्रकांत सगळ्यात वर दादाचं नाव घालू का? त्याला विचारू नका. जेवताना सहज विषय काढा, आणि चेहरा कसा झाला तेवढं कळवा.

आणखी एक. मी पत्ते खेळतो हे दादाला कळू देऊ नका. मास्तर माणसाला शोभत नाही.

आणखी. पाकीट चिकटवायच्या आधी म्हटलं एक डाव बसावं. चिप्स संपत आलेल्या, होत्या नव्हत्या त्या सगळ्या लावल्या. बादशहाने पत्ते टाकले. मग टेबलाच्या कोपऱ्यात, जिथे खेळणारे एकमेकांना लिहितात तिथे, इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: राहू दे. उद्या कशानं खेळशील?

वहिनी, त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं! कसंबसं लिहिलं, "दादा, पुजाच्या लग्नाला ये", बटण दाबलं आणि लाइट गेली. निरोप पोचला की नाही, देव जाणे. म्हणून हे पत्र तसंच पोस्टात टाकतो आहे. यंत्र नोंद करणार की मास्तरने पत्ते टाकले. दादाला एवढंच सांगा, मी टाकले नाहीत, लाइट गेली.